इंग्लंडला फेरेट पाळून ससे धरायचं शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार मंडळी, प्रश्न इथल्या नेहमीच्या प्रश्नांपेक्षा वेगळा आहे, पण बाहेर राहून आलेले आणि प्राणी पाळणारे बरेच जण इथे लिहितात म्हणून विचारतोय. आमच्या हिला लिंकनशायरला हॉस्पिटलात नर्सची नोकरी आहे, ती पुढे गेली, आता मी आणि मुलगी पण तिकडेच राहायला चाललोय. घर गावाबाहेर आहे, एका शेतकऱ्याच्या आवारातलं जुनं घर भाड्याने घेतलंय. मागच्या हिवाळ्यात सुट्टी काढून गेलो होतो तेव्हा त्या शेतकऱ्याकडे एक म्हातारे गृहस्थ दोन फेरेट घेऊन आले होते, फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबट अंगाचं, मांस खाणारं छोटं पाळीव जनावर. गव्हाच्या शेताच्या कडेने सशांनी बिळं करून पार वाट लावली होती, तर त्या बिळांच्या तोंडांवर त्यांनी छोटी छोटी जाळी पसरली आणि एक फेरेट आत सोडलं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग जमिनीच्या आतून धप धप असं जाणवलं, ऐकू नाही आलं हो, बुटाच्या तळव्याला लागलं, आणि लगेच ससा जाळ्यात. बंदूक नाही, कुत्रा नाही, आरडाओरडा नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होतो.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. शेतकरी म्हणालाय, शिकायचं असेल तर माझ्या शेतात ये खुशाल. आमचं मूळ गाव मुरबाडकडे, आजोबांच्या काळात वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावून ससे धरायचे असं ऐकलंय, आता ते कायद्याने बंद आहे आणि बंदच असायला हवं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जिथे ते कायदेशीर आहे आणि शेतकऱ्याला गरज आहे तिथे नीट शिकून करावं असं मनापासून वाटतं.

तर आधी फेरेट घ्यायचं का आधी जाळी वगैरे सामान? एक घ्यायचं का दोन? नर का मादी? ते गळ्यात कॉलर घालतात ती लागतेच का? कायद्याचं काय, कारण परदेशात नवीन माणूस म्हणून मला कुठल्याही भानगडीत पडायचं नाही. आणि मुलगी ९ वर्षांची आहे, घरात लहान मूल असताना हा प्राणी चालतो का? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज, व्हिडिओ मी भरपूर बघितलेत.

नॉरफोकचा नेरूळकर (नवी मुंबई)

दादा, तुमचा प्रश्न बघून फार बरं वाटलं, मी नॉरफोकला नोकरीनिमित्त बरीच वर्षं होतो, आता नेरूळला परत आलोय, आणि तिथलं काय आठवतं म्हणाल तर डिसेंबरातली सकाळ, दंव पडलेलं शेत आणि खांद्याला फेरेटची पेटी. जे माहितीय ते सगळं सांगतो, लांब होईल.

पहिलं म्हणजे आधी फेरेट पण नको आणि सामान पण नको. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर शेतकऱ्याकडून घ्या आणि पहिला सीझन त्यांच्याबरोबर फिरा, त्यांची जाळी उचला, पेटी धरा, खड्डे बुजवा. तिकडचे हे जुने लोक शिकवायला कंजूस नसतात पण त्यांना बडबड आवडत नाही, कारण बिळावर बोललं की काम बिघडतं. ससा आत बसून सगळं ऐकतो, पावलांचा धक्का त्याला कळतो, आणि एकदा का वर माणसं आहेत हे कळलं की तो बाहेर यायलाच तयार होत नाही, आतल्या आत फेरेटशी लपंडाव खेळतो. म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने जायचं, हळू पावलं टाकायची, जाळी लावताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

सीझन साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कायद्याने तारीख बांधलीय असं नाही, पण उन्हाळ्यात गवत-काटेरी झुडपं इतकी माजलेली असतात की निम्मी तोंडं दिसतच नाहीत, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, वसंतापासून माद्यांची पिल्लं बिळात असतात. फेरेटला आत पिल्लं सापडली की ते तिथेच मारून खाऊन झोपतं, तुम्ही वर बसा वाट बघत, आणि तसल्या वेळी मादी धरणं मला स्वतःला पटत नाही. पानगळ झाली, दोन-चार वेळा चांगलं दंव पडलं की मग सुरुवात.

एक का दोन? दोन. फेरेटला सोबत लागते, एकटं ठेवलेलं मलूल होतं. सुरुवातीला दोन माद्या घ्या, तिकडे मादीला जिल म्हणतात आणि नराला हॉब. हॉब अंगाने जवळजवळ दुप्पट, ताकद जास्त, त्यामुळे तो सशाला कोपऱ्यात गाठून तिथेच संपवायची शक्यता जास्त. जिल बारीक, चपळ, जाळ्याच्या भोकांतून पण पटकन निसटते, जाळं विस्कटत नाही. तुम्हाला ससा बाहेर हाकलणारं जनावर पाहिजे, आत मारणारं नाही. मोठा हॉब ज्यांच्याकडे असतो ते त्याला मुद्दाम दुसऱ्या कामाला वापरतात, पण ते पुढचं.

आणि उपाशी ठेवून न्यायचं हा गैरसमज डोक्यातून काढा, जुन्या पुस्तकी लोकांकडून ऐकाल. उपाशी फेरेट मारतं, खातं आणि आतच झोपतं. आदल्या रात्री नीट जेवलेलं फेरेट कामाला चांगलं. तोंडाला मुसकी बांधायची जुनी पद्धत होती, ती तर अजिबात नको, आत काही झालं तर त्या जिवाने स्वतःला वाचवायचं कसं?

कॉलर लागतेच. यात काटकसर करू नका, जाळी कमी घ्या पण कॉलर आणि तिचा रिसीव्हर चांगला घ्या. प्रत्येक फेरेटच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर असतो, वरून रिसीव्हर फिरवला की ते नेमकं कुठे आणि किती खोल आहे ते दिसतं. पूर्वी लोक अंदाजाने खणायचे, अर्धा दिवस जायचा आणि फेरेट कायमचं गेलं असं पण व्हायचं. सकाळी निघताना बॅटरी तपासा, आणि कॉलर आधी काही आठवडे घरीच थोडा थोडा वेळ घालून सवय करा, नाहीतर पहिल्याच दिवशी ते बिळाच्या तोंडाशी मान खाजवत बसेल.

कायद्याचं. ससे आवरायची जबाबदारी तिथे १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली जमीन कसणाऱ्यावरच आहे, त्यामुळे शेतकरी तुम्हाला बोलावतोय यात काही वावगं नाही. पण जमीन कसणारा एक आणि मालक दुसरा असं असेल तर शिकारीचा हक्क कोणाकडे आहे ते स्पष्ट विचारून घ्या, कारण तिथे ते हक्क जमिनीपासून वेगळे ठेवलेले असू शकतात. परवानगी लेखी घ्या, शेताच्या नकाशावर हद्द दाखवून, आणि तो कागद कायम खिशात. हे मी लिंकनशायरसाठी जास्त जोर देऊन सांगतोय, कारण तिकडे हिवाळ्यात रानसशांमागे कुत्रे सोडून त्यांना पळवायचा बेकायदेशीर धंदा चालतो, पोलिसांची ऑपरेशन गॅलिलिओ नावाची खास मोहीम त्यासाठीच आहे, आणि शेतात अनोळखी माणूस दिसला की शेजारचे शेतकरी फोन करतात. त्यात त्यांची चूक नाही. तुम्ही आपणहून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना एकदा भेटून या, नाव सांगा, गाडीचा नंबर द्या, कुठल्या दिवशी जाणार ते सांगा.

येऊरवाला (ठाणे)

राग मानू नका पण मला हे वाचून त्रास झाला. मी येऊरच्या जंगलात पक्षी बघायला जातो, एखाद्या पहाटे पायवाटेवर ससा दिसला तर दिवसभर आनंद होतो. माणूस परदेशात जातो ते जिवंत प्राणी जाळ्यात धरून मारायला शिकायला? गरज आहे असं म्हणता, पण गरज म्हणजे काय, ससा किती खाणार? आणि हे वाचून उद्या इथला कोणी हौशी पोरगा शहापूर-मुरबाडकडे हाच उद्योग करायला गेला तर जबाबदार कोण?

नॉरफोकचा नेरूळकर (नवी मुंबई)

येऊरवाले दादा, राग अजिबात नाही, आणि शेवटचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून तोच आधी घेतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, फेरेटने करा, वाघरीने करा नाहीतर फासा लावून करा. कोणाला असलं काही दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आणि ज्या हौशी पोराची तुम्हाला भीती वाटते त्याला हे पण सांगा की आपल्या रानसशावर फेरेट चालणारच नाही, कारण आपला ससा बीळ करून राहतच नाही. तो गवतात, झुडपाखाली नुसती अंगाएवढी जागा दाबून बसतो, पाय लागेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम सुटतो. त्याची पिल्लं जन्मतः केसाळ आणि डोळे उघडे असलेली, कारण त्यांना उघड्यावर जगायचं असतं. विलायती बिळातल्या सशाची पिल्लं उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात, त्यांना जमिनीखालचं घरटं लागतंच. दोन्ही पूर्ण वेगळे प्राणी आहेत. इंग्लंडमध्ये पण आपल्या रानसशाच्या जातकुळीतला मोठा ससा आहे, हेअर, तो पण उघड्यावर राहतो, त्याला फेरेटवाले हात लावत नाहीत.

आता गरज. बिळातला ससा हा मुळात ब्रिटनचा नाहीच, स्पेन-पोर्तुगालकडचा, नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या सुमारास मांसासाठी आणि कातडीसाठी आणला. हिवाळ्यात गव्हाचं कोवळं पीक बोटभर वर आलेलं असतं आणि बांधावरच्या बिळांपासून आत शेतात अर्धगोलाकार पट्टा असा साफ कातरलेला दिसतो, जणू कोणी विळ्याने मुंडण केलंय. एक ससा थोडंच खातो हो, पण एका बांधात पन्नास असले तर? शेतकरी काहीतरी करणारच. न केलं तर शेजाऱ्याचं पीक जातं, आणि कायदा त्याच्यावरच बोट ठेवतो. मग त्याच्यापुढे पर्याय काय, बंदूक, पिंजरे, किंवा बिळात ॲल्युमिनियम फॉस्फाइड टाकून तोंडं बुजवणं. ते आपल्याकडे धान्याच्या गोदामात कीड मारायला ठेवतात तेच विषारी औषध, ओलाव्याने वायू सुटतो आणि आत जे असेल ते सगळं मरतं. त्याच्यापुढे फेरेट आणि जाळं मला कितीतरी बरं वाटतं. हातात आलेला ससा तुम्ही बघता, सेकंदात संपवता, जो नको तो सोडून देता, आणि मांस घरी खाल्लं जातं, फुकट जात नाही. तरीही तुम्हाला पटणार नाही हे मला माहितीय आणि तुमची भावना खरी आहे, पण हे हौसेपोटी जीव घेणं नाही एवढं सांगायचं होतं.

आणखी एक, तिथे पण सरसकट सगळे ससे साफ करायचे नसतात. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये आला, दोन-तीन वर्षांत ससे जवळजवळ संपलेच होते, नंतर दुसरा एक विषाणू आला, अजूनही बऱ्याच भागात ते कमीच आहेत. आणि त्यांच्या मूळ देशात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, ते इतके घटलेत की २०१९ पासून आंतरराष्ट्रीय यादीत ही जात धोक्यात म्हणून नोंदलीय. शेतकऱ्याला विचारा कुठल्या बांधाला त्रास आहे, तेवढंच करा, बाकी राहू द्या.

येऊरवाला (ठाणे)

तुम्ही नीट समजावून सांगितलंत, आभारी आहे. मन मानत नाही, पण विषारी वायूचं माहीत नव्हतं. इथल्या कायद्याचं स्पष्ट लिहिलंत ते चांगलं केलंत.

ऐरोलीची व्हेट (नवी मुंबई)

नेरूळकरांनी शेतातलं सांगितलं, मी जनावराच्या तब्येतीचं सांगते, कारण शिकार वर्षातले काही दिवस आणि फेरेट पाळायचं वर्षभर, तेही ६ ते १० वर्षं. घोडबंदरकर, निर्णय घेताना हा भाग आधी बघा.

जिल घेणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साधारण मार्चपासून दिवस मोठा व्हायला लागला की ती माजावर येते आणि नराशी संबंध आल्याशिवाय तिचं बीजांड सुटतच नाही, म्हणजे माज आपोआप उतरत नाही. महिनोन्महिने इस्ट्रोजेन चढत राहतं, त्याने हाडातली मज्जा काम करेनाशी होते, रक्त बनणं थांबतं आणि मादी मरते. हे क्वचित होणारं नाही, दुर्लक्ष केलं तर होणारच असं धरून चाला. उपाय सोपे आहेत, तिथल्या व्हेटकडून हॉर्मोनचं इम्प्लांट किंवा इंजेक्शन घ्यायचं, किंवा कामाचे फेरेट पाळणारे बरेच जण नसबंदी केलेला हॉब ठेवतात, तो संबंध करतो, माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. नुसतं ऑपरेशन करून गर्भाशय-अंडाशय काढायचा पर्याय आहे पण पुढे ॲड्रिनल ग्रंथीचे आजार होतात असं दिसून आलंय, त्यामुळे आता बरेच व्हेट इम्प्लांट सुचवतात. तिथे गेल्या गेल्या फेरेट बघणारा व्हेट शोधून ठेवा, प्रत्येक दवाखान्यात बघतात असं नाही.

दुसरं डिस्टेंपर, हा विषाणूचा रोग. कुत्र्याला होतो तोच, पण फेरेटला झाला तर वाचत नाही, अक्षरशः नाही. लस टोचून घ्या, आणि शेतावरच्या कुत्र्यांची पण लस झालीय का बघा.

तिसरं, तुमचा फ्लू त्यांना होतो आणि त्यांचा तुम्हाला. १९३३ मध्ये लंडनच्या मिल हिलला माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटवरच प्रयोग करून, आणि तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या तोंडावर आजारी फेरेट शिंकलं नि त्यांना फ्लू झाला. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर त्या दिवसांत फेरेटला जवळ घेऊ नका, मास्क लावून खाऊ-पाणी करा. वहिनी हॉस्पिटलात काम करतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

खाणं म्हणजे मांसच. पूर्वी इंग्लंडात ब्रेड-दूध देत असत, त्याने दात, पोट, सगळं बिघडतं. आतडं छोटं, तीन-चार तासात अन्न बाहेर, त्यामुळे दिवसातून बऱ्याचदा थोडं थोडं खातात. तुम्ही धरलेला ससाच हाडा-कातडीसकट दिला तर त्याहून चांगलं काही नाही, बाकी वेळ फेरेटचं कोरडं खाणं मिळतं. राहिलेलं मांस पेटीत लपवून ठेवतात, ते रोज शोधून काढा, उन्हाळ्यात माशा बसतात.

मुलीचं म्हणाल तर ९ वर्षांचं मूल मोठ्या माणसाबरोबर व्यवस्थित हाताळू शकतं. पिल्लू लहानपणापासून रोज हातात घेतलेलं असलं पाहिजे. फेरेट चावतं ते बहुधा घाबरून किंवा खेळात, आणि कातडी जाड असल्यामुळे एकमेकांशी खेळताना जोरात चावायची त्यांना सवय असते, माणसाला तेवढं चावायचं नाही हे शिकवावं लागतं. तोंडाजवळ नेऊ द्यायचं नाही, आणि मोठं माणूस नसताना एकटीच्या ताब्यात द्यायचं नाही.

माजिवड्याची (ठाणे)

डॉक्टर, मला शिकारीत काही रस नाही पण फेरेट इतके गोड दिसतात, आमच्याकडे फ्लॅट आहे, एसी पण आहे, ठाण्यात पाळता येतील का? एक जण विकायला तयार आहे असं मैत्रिणीने सांगितलं.

ऐरोलीची व्हेट (नवी मुंबई)

ताई, माझं उत्तर नको असं आहे. फेरेटला घाम येत नाही, २७-२८ डिग्रीच्या वर त्यांना त्रास व्हायला लागतो आणि ३० च्या पुढे उष्माघाताने मरू शकतात. ठाण्यात मार्च ते जून काय तापमान असतं आणि दमटपणा किती असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. एसी चोवीस तास चालू ठेवाल, पण मे महिन्यातल्या दुपारी दोन तास लाइट गेली आणि घरात कोणी नसलं तर? त्यात लस, हॉर्मोनचं इम्प्लांट, फेरेटची माहिती असलेला डॉक्टर, यातलं काहीही इथे सहज मिळत नाही, मी स्वतः व्हेट असून सांगतेय. आणि विकणाऱ्याने ते कुठून, कोणत्या कागदपत्रांवर आणलं हे तुम्हाला कळणार पण नाही. इतकीच हौस असेल तर शेल्टरमधून एखादी मांजर आणा, ती या हवेत सुखाने राहील.

घोडबंदरकर (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. हिला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं फोनवर, फ्लूचं ऐकून ती म्हणाली पेटी घरात नाही, मागच्या शेडमध्ये ठेवायची, ते मला पण पटलं.

नेरूळकर दादा, दोन गोष्टी अजून विचारतो. जाळं नेमकं लावायचं कसं, कारण व्हिडिओत हात इतका पटकन चालतो की कळतच नाही. आणि फेरेट बाहेर आलंच नाही तर काय करायचं? याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

नॉरफोकचा नेरूळकर (नवी मुंबई)

जाळं म्हणजे बटव्यासारखं असतं, दोन टोकांना दोन कड्या, कडेने ओवलेली दोरी, आणि दोरीच्या शेवटी लाकडी खुंटी. एक कडी बिळाच्या तोंडाच्या खालच्या ओठाशी ठेवायची, दुसरी वरच्या बाजूला, मधलं जाळं तोंडावर सैल पसरायचं, ताणायचं अजिबात नाही. खुंटी वरच्या अंगाला, ससा बाहेर पडून धावेल त्याच्या उलट दिशेला, घट्ट ठोकायची. ससा धडकला की जाळं त्याच्याबरोबर पुढे जातं, दोरीला ताण बसतो आणि तोंड आवळतं. काडी-काटा अडकलेला असला की आवळत नाही आणि ससा गेला, म्हणून जाळं पसरण्याआधी तोंडासमोरची काटकी, वाळकी पानं हाताने बाजूला करा, पण मातीचा गोळा आत घरंगळू देऊ नका, तेवढा आवाज पण आत कळतो. बटणवाला, लोंबत्या दोऱ्यांचा कोट घालू नका, जाळी त्यातच अडकतात. आणि जाळी मोजून लावा, मोजून काढा, विसरलेल्या जाळ्यात मागाहून कुठलाही जीव अडकून मरतो.

सगळी तोंडं शोधणं हे खरं काम. मुख्य तोंडं दिसतात, ताज्या लेंड्या, ताजी उकरलेली माती, पण काटेरी झुडपाच्या आत एखादं बारीक तोंड असतं जे सशाने आतून उकरलेलं असतं, बाहेर मातीचा ढीगच नसतो. ससा हमखास तिथूनच सुटतो. सुरुवातीला चार-सहा तोंडांचं छोटं बीळ निवडा, मोठ्या बांधाच्या नादाला लागू नका.

मग फेरेट. तोंडाशी ठेवा, ढकलू नका, त्याला ठरवू द्या. आत ससा असेल तर शेपटीचे केस फुलतात, अंग ताठ होतं आणि ते ओढल्यासारखं आत जातं. काही नसेल तर आत डोकावून परत येतं, इकडे तिकडे हुंगत बसतं, त्याच्यावर विश्वास ठेवा आणि पुढच्या बिळाकडे चला. ससा जाळ्यात आला की दुसऱ्या हाताने मागचं तोंड लगेच झाका, नाहीतर मागून दुसरा सुटतो. ससा संपवायचं मानेचा सांधा निखळवून, ते त्या गृहस्थांकडून समोर उभं राहून शिका, आधी मेलेल्या सशावर हात बसवा, जिवंतावर हात चाचपडता कामा नये. हे मी लिहून शिकवणार नाही, हे हातानेच शिकायचं.

फेरेट बाहेर येताना घाई करू नका. अर्धं डोकं बाहेर काढलं की लोक झडप घालतात, दोनदा असं झालं की ते शिकतं आणि तोंडाशी येऊन परत आत पळायला लागतं, ती सवय मग सुटत नाही. चारही पाय बाहेर आले की हात जमिनीलगत सरकवत हळूच उचला. घरी रोज अंगणात सोडून असंच उचलत राहिलात तर शेतात त्रास होत नाही. उचललं की नखं बघा, नखांत सशाचे केस असतील तर आत ससा बंद टोकाला पाठ करून बसलाय आणि हे त्याची पाठ ओरबाडतंय, म्हणजे तिथे परत सोडायला किंवा खणायला हरकत नाही.

आता नाही आलं तर. आधी थांबा, अर्धा तास तरी, एका जागी, गप्प. मग रिसीव्हर फिरवा. जागा बदलत असेल तर ते काम करतंय, असू द्या. एकाच जागी बराच वेळ असेल तर ससा मारलाय किंवा कोंडलाय, मग तिथे खणायचं. शेतकऱ्याने खणायची परवानगी दिलेली असली पाहिजे, हे पण लेखी कागदात घाला. स्पेडने खणत जा आणि शेवटचा फूटभर हाताने, कारण खाली जिवंत प्राणी आहेत. तिकडे वाळूची जमीन असेल तर खोल खड्ड्यात डोकं घालायचं नाही, कडा कधी ढासळेल सांगता येत नाही, आणि एकट्याने खणायचं नाही. काम झालं की खड्डा पायाने दाबून नीट बुजवा, त्यात गुरांचे पाय मोडतात, आणि शेतकऱ्याची परवानगी जायचं हे सगळ्यात मोठं कारण.

अंधार पडेपर्यंत नाहीच सापडलं तर पेटी त्याच्या गवतासकट, दार उघडं ठेवून, बिळाच्या तोंडाशी ठेवा, बाकी तोंडं मातीने बंद करा आणि पहाटे उजाडायच्या आत परत या, बहुतेक वेळा पेटीत झोपलेलं सापडतं. पण शोधायचं सोडून द्यायचं नाही. ते तुमचं जनावर आहे म्हणून तर आहेच, शिवाय सुटलेलं फेरेट बाहेर नासधूस करतं. न्यूझीलंडने १८८० च्या दशकात ससे मारायला फेरेट आणून सोडले आणि त्यांनी तिथले न उडणारे पक्षी मारले, आता २००२ पासून तिथे विकायला आणि पैदास करायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये तर त्यांचा जंगली भाऊ पोलकॅट आहे, सुटलेली फेरेट त्याच्याशी संकर करतात.

ऐरोलीची व्हेट (नवी मुंबई)

एक जोडते, खणून काढलेलं फेरेट लगेच दुसऱ्या बिळात सोडू नका. अंगावर सशाच्या लाथांचे मार असतात, केसांत दिसत नाहीत. पाणी द्या, पेटीत विश्रांती द्या, घरी गेल्यावर बोटांनी पूर्ण अंग चाचपून बघा, डोळे आणि कान पण. सशांच्या बिळातून गोचिड्या येतात.

घोडबंदरकर (ठाणे)

सगळं लिहून ठेवलंय. मग असं ठरवतो, या हिवाळ्यात फक्त त्या गृहस्थांबरोबर जायचं, सामान काही घ्यायचं नाही, तोवर मागच्या शेडमध्ये पेटीची जागा तयार करायची. फेरेट पुढच्या वर्षी. तेव्हा पिल्लं कधी आणि कुठून घेऊ एवढं शेवटचं सांगा.

नॉरफोकचा नेरूळकर (नवी मुंबई)

पिल्लं बहुतेक मे-जूनमध्ये होतात, आठ आठवड्यांची झाली की घ्यायची, म्हणजे जुलै-ऑगस्ट. कामाचे फेरेट पाळणाऱ्याकडूनच घ्या, त्या गृहस्थांना आत्ताच सांगून ठेवलंत तर ते स्वतःच्या किंवा ओळखीतल्या जिलच्या पिल्लांतून दोन राखतील. घेताना पिल्लांआधी आईला हातात घ्या, ती शांतपणे हातात राहिली तर पिल्लं बघा, नाहीतर राहू द्या. शेडला दुपारचं ऊन येतं का ते या उन्हाळ्यातच बघून ठेवा, पत्र्याची असेल तर तिथे पण तापते. पहिला हिवाळा दोघींना छोट्या बिळांवरच वापरा, अर्धा दिवस पुरे, आणि जुन्या अनुभवी जिलबरोबर सोडायला मिळालं तर ती निम्मं स्वतःच शिकवते. गेलात की इथे कळवा.